पुठ्ठ्यावरचा डाग

बार्नचं दार सरकवलं आणि आधी वास आला. डिझेलचा वास जड, कपड्यांना धरून राहणारा. लहानपणापासून तो मला घरचा. हा पेट्रोलचा, थेट नाकात चढणारा. ट्रॅक्टरखाली काल पुठ्ठा टाकून ठेवला होता. त्यावर बशीएवढा डाग. मधला भाग वाळलेला, कडा तांबूस.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. इथे मिशिगनमध्ये आता बर्फ कधीही पडेल, आणि घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करायला माझ्याकडे हा एकच गडी आहे.

*

ट्रॅक्टर १९५१ चा फोर्ड ८एन. ही जागा घेतली तेव्हा बार्नबरोबर तोही आला. वरचा पत्रा राखाडी, पोट लाल. १९४७ ते १९५२ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले, डेट्रॉइटच्या परिसरात, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. चार सिलिंडर, दोन लिटरला थोडं कमी, पेट्रोलवर चालणारं इंजिन. टाकी इंजिनाच्या डोक्यावर, पत्र्याखाली. पेट्रोल पोचवायला पंप नाही. ते स्वतःच्या वजनानं खाली उतरतं.

एवढी सोपी रचना, पण याचा अर्थ नीट समजायला मला दोन दिवस लागले. कॉक उघडा असेल तर टाकीतलं पेट्रोल आणि बार्नची जमीन यांच्यामध्ये फक्त एक सुई उभी असते. ती चुकली की टाकी रात्रभरात रिकामी होऊ शकते.

*

आमच्याकडे वाळवा तालुक्यात ट्रॅक्टर म्हणजे डिझेल. कार्बोरेटर हा शब्द स्कूटरचा आणि लुनाचा. ट्रॅक्टर बंद पडला की माणसं म्हणतात ‘हवा धरली’, मग फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपून सरळ धार आली की बोल्ट आवळायचा. हे मी दहाव्या वर्षी करत होते.

पण घरी आमच्या आबांकडे दुरुस्तीला एक दुसरंही इंजिन यायचं. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं, दोरीनं ओढायचं. छोट्या शेतकऱ्याचं इंजिन. त्याला दोन टाक्या असत, एक लहान, एक मोठी. तापलं की पेट्रोलचा कॉक बंद, रॉकेलचा चालू. आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून राहतं आणि सकाळी ते थंड इंजिन पेटतं. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा भरून यायचा. पुढे वाचनात आलं की ब्रिटनमध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या एका प्रकारालाही हीच रीत होती. कोव्हेंट्रीत तयार झालेला ट्रॅक्टर आणि आमच्या ओढ्याकाठचं इंजिन, दोघांची संध्याकाळची सवय एक.

*

आबांना व्हिडिओवर ट्रॅक्टर दाखवला. त्यांनी कार्बोरेटर बघायला मागितलाच नाही.

“आधी पुसून कोरडा कर. मग बघत बस.”

“आबा, थेंब पडताना दिसतोय की. कार्बोरेटरच्या बुडातूनच पडतोय.”

“पडतोय तिथनं. पण येतोय कुठनं? ते वेगळं असतंय, बाय.”

*

पुसला. चिंधीनं, मग जुन्या टूथब्रशनं, सांध्यासांध्यातून. ओतीव लोखंडाचं अंग आहे, सत्तर वर्षांची माती त्याला भाकरीच्या कडेसारखी बसलेली. वाळल्यावर वरून पायांना लावायची पांढरी पावडर भुरभुरवली. कॉक उघडला आणि स्टुलावर बसले. विजेरी घेतली ती बॅटरीवरची आणि नीट बंदिस्त. उघडा, गरम बल्ब मी अशा कामाजवळ आणत नाही.

चार मिनिटांत पावडरीवर पहिली ओली रेघ उमटली. कार्बोरेटरवर नाही! वर, टाकीखालच्या कॉकच्या दांड्याजवळ. तिथून ती नळीवर आली, नळीच्या पोटाखालून घरंगळत कार्बोरेटरपर्यंत आली, त्याच्या अंगावरून बुडाशी गेली आणि तिथे थेंब झाली. मी कालपासून ज्याच्यावर आळ घेत होते, त्याच्या अंगावरून ती नुसती वाहत होती.

कॉकच्या दांड्याभोवती पॅकिंग असतं आणि ते दाबून धरणारा एक नट. पाव आटा आवळला. रेघ थांबली.

मग आणखी दहा मिनिटांनी दुसरी रेघ आली, आणि ती मात्र कार्बोरेटरचीच होती. हवा आत घेणाऱ्या तोंडातून. म्हणजे गळत्या दोन होत्या. पहिली सापडल्याच्या आनंदात मी उठून गेले असते, तर दुसरी कळली नसती.

*

गळतीच्या जागा आणि त्यांचा अर्थ, वहीत लिहून ठेवते, पुढच्या वेळी लागेल.

दोन अर्ध्यांच्या सांध्यातून ओल येत असेल तर मधलं पॅकिंग गेलंय, किंवा वरचा भाग वाकलाय. बुडाच्या प्लगमधून असेल तर वायसर. नळी जिथे शिरते तिथून असेल तर तिचा जोड. पण हवेच्या तोंडातून येत असेल तर वाटी भरून वाहतेय, आणि मग बाहेरून कितीही आवळा, काही होणार नाही. आमच्याकडचे मेकॅनिक याला ‘ओव्हरफ्लो मारतोय’ म्हणतात.

एक खूण अशी की कॉक बंद केल्यावर हवेच्या तोंडातलं गळणं थोड्या वेळानं थांबलं, तर दोष सुईचा किंवा फ्लोटचा.

*

घराच्या गच्चीवरच्या टाकीत फुगा असतो. पाणी चढलं की फुगा वर जातो, दांडी तोटीला दाबते, पाणी बंद. कार्बोरेटरच्या वाटीत अगदी तेच. पितळेचा पोकळ फ्लोट, त्याच्या दांडीवर एक सुई, सुईच्या समोर पितळेची सीट. वाटीतली पातळी ठरलेल्या रेघेला आली की सुई सीटमध्ये बसते. इंजिन पेट्रोल ओढतं, पातळी उतरते, सुई किंचित सुटते. इंजिन चालू असेपर्यंत ही उघडझाप थांबत नाही. विल्हेल्म मायबाखनं १८९३ मध्ये फ्लोटच्या वाटीला फवारणीचं नोजल जोडलं. त्यानंतर जगातल्या बहुतेक कार्बोरेटरांनी हीच वाट धरली.

पातळीची ती रेघ फार महत्त्वाची. नोजलचं तोंड तिच्यापेक्षा थोडंसंच वर असतं. पातळी जरा चढली की पेट्रोल न बोलावता नोजलमधून बाहेर यायला लागतं.

या ट्रॅक्टरचा कार्बोरेटर मार्व्हल-शेब्लर कंपनीचा, टीएसएक्स-२४१. हा उलट्या चालीचा. स्कूटरमध्ये हवा आडवी जाते. इथे हवा खालून येते आणि मिश्रण वर मॅनिफोल्डमध्ये चढतं. म्हणून जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये न जाता खाली उतरतं. त्या तोंडाच्या तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलंय, सांडलेलं पेट्रोल बाहेर जावं म्हणून. माझ्या आधी कुणीतरी तिथली गळती बघून त्यात लांबी भरली होती. ती लांबी मी टाचणीनं तासभर उकरून काढली. तो थेंब म्हणजे तक्रार होती. तोंड दाबल्यावर पेट्रोल एअर क्लीनरच्या नळीत साठायला लागलं असणार, आणि ते जास्त धोक्याचं.

*

आगीबद्दल. हे मी स्वतंत्र पानावर लिहिते, कारण याच्यात मला कुठलीही ढिलाई नको.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही ती पेटू शकेल इतपत वाफ सुटते, म्हणजे मिशिगनचा हिवाळा काही संरक्षण देत नाही. बार्नच्या दुसऱ्या टोकाला पाणी तापवायचं यंत्र आहे, त्यात आत कायम छोटी ज्योत असते. पहिल्या दिवशी वास आला तेव्हा सगळ्यात आधी ती ज्योत बंद करायला हवी होती. मी ट्रॅक्टरकडे गेले. ती चूक पुन्हा होणार नाही.

आता क्रम असा: ज्योत बंद, दोन्ही दारं उघडी, टाकीचा कॉक बंद, बॅटरीची तार सोडलेली. या ट्रॅक्टरची बॅटरी सहा व्होल्टची आणि तिचं धन टोक अंगाला जोडलेलं, आपल्या सवयीच्या उलट. म्हणून आधी धन सोडायचं. ऋण आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी.

वाटीतलं पेट्रोल बुडाचा प्लग काढून पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून बाहेर. चिंध्या बाहेर दोरीवर.

*

मधे एक गोष्ट घडली ती नोंदवायला हवी. मी घाईनं नवा कार्बोरेटर मागवला होता. जुन्यासारखाच दिसणारा, चकचकीत. बसवला, कॉक उघडला, आणि तोही हवेच्या तोंडातून वाहायला लागला. उघडून पाहिलं तर फ्लोटचे दोन फुगे दोन उंचीवर, आणि ओतकामातली वाळू अजून कोपऱ्यात. तो परत पाठवला.

राग आला, पण त्यातून एक कळलं. नवं आणलं तरी उघडून, मोजून, जुळवून घ्यावंच लागणार. मग ती मेहनत जुन्यावरच का करू नये? जुन्याचं लोखंड चांगलं आहे, आटे शाबूत आहेत, आणि तो ज्यांनी घडवला त्यांनी तो उघडता यावा म्हणूनच घडवला होता.

*

मॅनिफोल्डचे दोन नट, चोकची सळई, गव्हर्नरची सळई, पेट्रोलची नळी. हातात आला. दिसतो त्यापेक्षा बराच जड.

नळीच्या कोपरात एक बारीक जाळी लपलेली असते. पुष्कळांना ती ठाऊक नसते. माझ्याकडची अर्धी तुटलेली होती. तशा तीन जाळ्या हव्यात: टाकीत, कॉकच्या काचेच्या वाटीवर आणि इथे. तिसरी तुटली की कचरा सरळ सुईवर.

आत वाटीच्या तळाला काकवीसारखा थर. जुनं पेट्रोल वाळून असं होतं, वास लाखेचा. त्यात गंजाचे कण. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ सोडवून खाली पाठवतं. इथलं इथेनॉल मक्याचं. आमच्या वाळव्याकडे ते उसाच्या मळीचं आणि रसाचं, आणि भारतात प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेलंय. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे आपलाच ऊस आपल्या लुनाचं रबर फुगवतोय.” त्यांनी मग तालुक्यातल्या जुन्या गाड्यांबद्दल अर्धा तास काळजीनं विचारलं, माझा ट्रॅक्टर राहिला बाजूला.

*

जेटची भोकं. घरी स्टोव्हची पिन असायची, चिमटीत धरून बर्नरमध्ये घालायची. एकदा मी ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये घातली आणि आबांनी माझा हात धरला. मारलं नाही. जेट उजेडाकडे धरून मला दाखवलं. “हे भोक मापाचं आहे. पोलाद घातलंस की ते मोठं होणार. मग इंजिन आयुष्यभर जास्त पिणार.”

त्यांनी वायरमधली तांब्याची एक तार सोलून दिली. आजही तेच करते. तांब्याची तार, मग मळ सोडवणारं औषध, मग हवा.

*

सुई. लांबी करंगळीच्या पेराहून कमी. टोकाचा उतार नखावर घासून पाहिला, मध्ये एक कडं लागलं. डोळ्यांना ते दिसेना, नखाला लागलं. सीटमध्ये बसून बसून सुईनं आपल्या अंगावर ती खाच पाडून घेतली होती. सत्तर वर्षं इंजिनाबरोबर हादरत, रोज हजारो वेळा.

दुरुस्तीच्या संचात सुई आणि सीट जोडीनं येतात आणि जोडीनंच बदलायच्या. जुन्या सीटवर नवी सुई बसवली की ती आठवडाभर चालते आणि पुन्हा गळते. सीट काढायला रुंद पेचकस लागतो, खाचेत नीट भरणारा. अरुंद घातला तर पितळ ओरबाडून निघतं. सीटखालचा वायसर जुना तिथेच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा बसवला तर सीटची उंची बदलते आणि पुढची सगळी मापं चुकतात. हा जुना वायसर मला जवळजवळ दिसलाच नव्हता. लोखंडाच्या रंगाचा झाला होता.

*

फ्लोट कानाशी धरून हलवला. आत किंचित खळखळ.

पितळेच्या फुग्यात पेट्रोल शिरलंय, म्हणजे तो जड झालाय, म्हणजे खोल बसतोय, म्हणजे सुई उशिरा बंद होतेय. भोक शोधायला गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला. (भांडं चुलीपासून लांब, अंगणात.) आतली हवा तापून फुगली आणि सांध्याच्या कडेनं बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. पेन्सिलीनं खूण केली. मग रिकामा करायला चार दिवस. उन्हात, खिडकीत, पुन्हा गरम पाण्यात, जोवर खळखळ आणि वास दोन्ही जात नाहीत तोवर. आत वाफ असताना फ्लोटला डाग देणं म्हणजे हातात फटाका धरणं.

डाग दिला तो तांदळाच्या कणीएवढा. इथे हात आवरावा लागतो. कथील जास्त झालं की फ्लोटचं वजन वाढतं, तो पुन्हा खोल बसतो, आणि जी गळती बंद करायला डाग दिला तीच गळती डागामुळे परत येते.

*

माप. वरचा भाग उलटा धरायचा, फ्लोट वर. पॅकिंगच्या पृष्ठभागापासून फ्लोटपर्यंत पाव इंच. पाव इंचाचं ड्रिल-बिट आडवं घालून पाहते. दोन्ही फुगे सारखे हवेत. कमीजास्त असेल तर सुईला टेकणारी पट्टी वाकवायची, पण फ्लोट दाबून नाही. दाबलं तर सुईच्या मऊ टोकावर वळ उठतो.

तीन वेळा वाकवली. चौथ्यांदा बिट दोन्हीकडून सारखं सरकलं.

मग आबांची परीक्षा. उलट्या भागाच्या तोंडाला स्वच्छ रबरी नळी लावून हलकेच फुंकायचं. हवा जाता कामा नये. सरळ धरलं की जायला हवी. मी फुंकलं, गाल फुगले, हवा अडली. सरळ केलं, सुटली. व्हिडिओवर आबा कान देऊन होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, तरी पलीकडून म्हणाले, “बसली.”

*

हात थांबले होते म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बसले. तिथली तीन टोकं: खाली दोन बाहू, वर टॉप लिंक. हे मी जन्मापासून पाहिलंय. वाळव्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हेच तीन सांधे, नांगर असो की रोटाव्हेटर.

ही रचना हॅरी फर्ग्युसनची, उत्तर आयर्लंडचा माणूस. १९३८ मध्ये त्यानं ती हेन्री फोर्डला दाखवली आणि दोघांनी हात मिळवला. कागद नाही, सही नाही. त्या हातमिळवणीतून १९३९ चा ९एन निघाला. पुढे फोर्डचा नातू कंपनीत आला, करार मोडला, आणि १९४७ मध्ये कंपनीनं फर्ग्युसनला वगळून ८एन बाजारात आणला, मागचे तीन सांधे तसेच ठेवून. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये त्याला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले.

म्हणजे माझा ट्रॅक्टर त्या भांडणाच्या मधल्या वर्षांतला. मला फर्ग्युसनबद्दल वाईट वाटतं. पैसे मिळाले, पण नावाची पाटी गेली. तरी जगभर नांगर त्याच्याच सांध्यांनी उचलले जातात, आणि आमच्या शिवारात त्याचं नाव माहीत नसलेली माणसं रोज त्या टॉप लिंकची पिन घालतात.

*

चढवला. दोन नट आळीपाळीनं, एकदम एक बाजू नाही. बॅटरी जोडली, धन शेवटी.

सुरू झाला. आयडलचा स्क्रू या कार्बोरेटरमध्ये हवा आवरतो, म्हणून आत घातला की मिश्रण घट्ट होतं. मुख्य जेटच्या सुईचं उलटं, ती आत गेली की पेट्रोल कमी. दोन्ही एकाच वेळी फिरवायचे नाहीत. आवाज सुरळीत होईपर्यंत वीस मिनिटं गेली.

शेजारचे आजोबा रस्त्यावरून जाताना थांबले, बाहेरच उभे राहून ऐकत. त्यांच्या वडिलांकडे ८एन होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला: कॉक किती उघडतेस? मी म्हटलं, पूर्ण. त्यांनी मान हलवली. दोन आटे, म्हणाले, फक्त दोन. पूर्ण उघडला की राखीव पेट्रोल आधीच वापरलं जातं, आणि टाकीच्या तळाचा गाळही त्याच वाटेनं उतरतो.

कॉकच्या आत एक उभी नळी असते. दोन आटे उघडलं की पेट्रोल तिच्या वरच्या तोंडातून येतं, पूर्ण उघडलं की तळातून. जुन्या मालकाकडून हे मला कळलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वाटीतला तो गंज कुठून येत होता, ते आत्ता समजलं.

*

नवा पुठ्ठा टाकला. तारीख लिहिली. कॉक मुद्दाम रात्रभर उघडा ठेवला, दोन आटे, दारं उघडी, ज्योत बंद.

सकाळी सहाला गेले. बाहेर चार बोटं बर्फ. पुठ्ठा कोरडा, फक्त एका कोपऱ्यावर मांजराचे ओले पाय.

कॉक बंद केला. काम झाल्यावर तो रोजच बंद करायचा. आबांना पुठ्ठ्याचा फोटो पाठवला आणि फावडं घेऊन आधी दारापुढची पायवाट काढायला लागले. ट्रॅक्टर बाहेर येईल एवढी जागा तरी हवी.